मूल्यमीमांसेचे नियतकालिक: आवाहन काढण्याआधी काय ठरवावे

तुमचा प्रश्न आणि सोबत दिलेला आवाहनाचा मसुदा लक्षपूर्वक वाचला. वेगवेगळ्या महाविद्यालयांत तत्त्वज्ञान शिकवणारे तुम्ही काही जण मिळून मूल्यमीमांसेला, म्हणजे मूल्याचा विचार करणाऱ्या तत्त्वज्ञानाच्या शाखेला, वाहिलेले मराठी सहामाही नियतकालिक सुरू करणार आहात, ते संकेतस्थळावर सर्वांना विनाशुल्क वाचता येईल, आणि पहिल्या अंकासाठी लेख मागवणारे आवाहन येत्या महिन्यात प्रसिद्ध करावे का, असे तुम्ही विचारले आहे. माझे मत असे की ते इतक्यात काढू नये. उपक्रम मोलाचा आहे, म्हणूनच हे स्पष्ट सांगते आहे. आवाहन म्हणजे लेखकांना दिलेला शब्द असतो. त्यांचा लेख विषय जाणणारा माणूस वाचेल, ठरलेल्या मुदतीत वाचेल आणि लेख नाकारला तरी का नाकारला हे सांगेल, असे आपण त्यात कबूल करत असतो. हा शब्द पाळण्याची तजवीज तुमच्या मसुद्यात अजून दिसत नाही.

आधी विषयाच्या हद्दीबद्दल लिहिते, कारण बाकी सगळे तिच्यावर अवलंबून आहे. मसुद्यात ‘मूल्यांचा ऱ्हास होत असलेल्या आजच्या काळात मानवी मूल्यांच्या सर्व अंगांवर संशोधनपर लेख मागवण्यात येत आहेत’ असे वाक्य आहे. या वाक्याला कोणते लेख येतील ते मी आजच सांगू शकते: शालेय मूल्यशिक्षणावरचे, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणावरचे, आणि अमुक संतांच्या अभंगांत किंवा तमुक लेखकाच्या कादंबऱ्यांत कोणती मानवी मूल्ये आढळतात याची यादी करणारे. अशा लेखनाला त्याची स्वतःची जागा आहे, पण ती तुमच्या नियतकालिकात नाही. सत्य, अहिंसा, बंधुता ही मूल्ये आहेत हे गृहीत धरून मूल्यमीमांसेला पुढे जाता येत नाही. एखादी गोष्ट चांगली आहे असे म्हणताना आपण नेमके काय म्हणतो, ते चांगलेपण त्या गोष्टीच्या अंगचे असते की आपल्या इच्छेतून आलेले, दोन चांगल्या गोष्टींची तुलना नेहमीच करता येते का, हे या शाखेचे प्रश्न आहेत. नीतिशास्त्र, सौंदर्यशास्त्र, राजकीय तत्त्वज्ञान आणि कायद्याचे तत्त्वज्ञान यांना जोडणारी जमीन या प्रश्नांची आहे. हे आवाहनातच लिहिलेले नसेल तर लेखकाला ते कळायला मार्ग नाही.

म्हणून आवाहनात विषयांची जंत्री न देता चार-पाच प्रश्न द्यावेत, आणि ते असे असावेत की मराठीत विचार करणाऱ्याला ते आपले वाटतील. एक प्रश्न जरा विस्ताराने मांडते. सह्याद्रीतल्या कितीतरी गावांत देवराई राखलेली आहे आणि तिथली वाळकी फांदीही सरपणाला न्यायची नाही असा दंडक असतो. स्वतोमूल्य, म्हणजे वस्तूच्या अंगचे मूल्य, ओळखण्यासाठी इंग्रज तत्त्वज्ञ जी. ई. मूर यांनी १९०३ मध्ये एक कसोटी सुचवली होती: ती वस्तू एकटीच अस्तित्वात आहे, बाकी काहीही नाही, अशी कल्पना करावी आणि तरीही ती चांगली ठरते का ते पाहावे. देवराईला ही कसोटी लावली तर देव, गाव, पूर्वजांनी घातलेली बंधने हे सगळे वजा होते, झाडे तेवढी उरतात, आणि गावकरी जे जपत आले तेच हातातून निसटते. मग देवराई केवळ साधन आहे का, पाणी धरून ठेवणारे किंवा औषधी वनस्पती पुरवणारे? तसेही म्हणता येत नाही, कारण झरा आटला तरी तिथे कुऱ्हाड चालवायला गाव सहसा तयार होत नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ क्रिस्टीन कोर्सगार्ड यांनी १९८३ च्या एका निबंधात इथे दोन भेद वेगळे केले. मूल्य वस्तूच्या अंगचे आहे की बाहेरच्या कशामुळे आलेले, हा एक भेद. वस्तू साध्य म्हणून हवी आहे की साधन म्हणून, हा दुसरा. देवराईचे मोल देवाशी आणि गावाशी असलेल्या नात्यातून आलेले आहे, तरी ती राखली जाते साध्य म्हणूनच. हे खरोखर टिकते का, की दंडकामागे निव्वळ देवाची भीती आहे आणि भीतीला मूल्य म्हणता येत नाही? गावातल्या माणसांशी बोलून आणि हा वाद नीट समजून घेऊन कोणी हा लेख लिहिला, तर तो कोणत्याही भाषेतल्या तत्त्वज्ञाला काही नवे देईल.

असे आणखीही प्रश्न आहेत. संविधान सभेतील २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी स्वातंत्र्य, समता आणि बंधुता या तीन सुट्या बाबी मानू नयेत, त्यांपैकी एकीला दुसरीपासून तोडले तर लोकशाहीचा हेतूच विफल होतो, असे बजावले होते. एका मूल्यावाचून दुसरे व्यवहारात टिकत नाही एवढाच या विधानाचा अर्थ आहे, की एकावाचून दुसऱ्याला मूल्यच उरत नाही असा अधिक खोल दावा त्यात आहे? २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार ग्रामीण भागात बाजारभावाच्या दुपटीपासून चौपटीपर्यंत मोबदला मिळू शकतो. काही मूल्ये एका मापाने मोजताच येत नाहीत हे कायद्याचे तत्त्वज्ञ जोसेफ रॅझ यांचे म्हणणे खरे असेल, तर धरणाखाली गेलेल्या गावाच्या बाबतीत हा पट कशाचा आहे? धर्म, अर्थ, काम, मोक्ष या पुरुषार्थांच्या चौकटीबद्दलही नुसता गौरवपर लेख नको. भारतीय तत्त्वज्ञ दया कृष्ण यांनी त्या चौकटीवर घेतलेल्या आक्षेपांना उत्तर देणारा, किंवा ते आक्षेप आणखी पुढे नेणारा लेख मागवावा.

आता परीक्षकांकडे वळते. तुमच्या मसुद्यात ‘लेखांचे तज्ज्ञांकडून परीक्षण होईल’ एवढेच एक वाक्य आहे. हे तज्ज्ञ कोण? मराठीत तत्त्वज्ञान लिहिणाऱ्यांचे वर्तुळ लहान आहे. तत्त्वज्ञान परिषदेच्या अधिवेशनाला जाणारा माणूस दोन परिच्छेद वाचून लेखकाचे नाव सांगू शकतो. त्यामुळे नाव झाकून परीक्षण करायचे म्हणजे पहिल्या पानावरचे नाव खोडणे पुरेसे होत नाही. ‘माझ्या प्रबंधात मी दाखवल्याप्रमाणे’ यासारखी वाक्ये काढायला लेखकाला सांगावे लागते, फाइलच्या गुणधर्मांत राहिलेले नाव पुसावे लागते, आणि एवढे करूनही ओळख पटली तर परीक्षकाने ते प्रामाणिकपणे कळवून लेख परत करावा, असा नियम करावा लागतो. परदेशातील तत्त्वज्ञानाच्या काही नियतकालिकांत निर्णय होईपर्यंत संपादकालाही लेखकाचे नाव कळू देत नाहीत. तुमच्यापैकी एकाने फक्त पत्रव्यवहार सांभाळला आणि निर्णय बाकीच्यांनी घेतला, तर हे तुम्हालाही जमेल, आणि माझ्या मते ते करावेच.

परीक्षकांचे वर्तुळ मोठे करण्याचा उपाय आहे. तत्त्वज्ञान विभागांच्या बाहेर पाहा. गोवा, बडोदा, इंदूर, हैदराबाद इथे मराठी वाचणारे अभ्यासक आहेत. संस्कृत, अर्थशास्त्र, विधी आणि साहित्यसमीक्षा या विषयांतही मूल्यांविषयी काटेकोर विचार करणारे लोक आहेत. परदेशी विद्यापीठांत तत्त्वज्ञान शिकणारी मराठी मुले-मुली आनंदाने परीक्षण करतात, असा माझा अनुभव आहे, कारण आपल्या भाषेत आपल्या विषयावर कोणी काही विचारावे, असे त्यांच्या वाट्याला क्वचित येते. प्रत्येक नावापुढे ‘वर्षाला दोन लेख पाहीन’ अशी लेखी संमती घ्या. अशी पंचवीस-तीस नावे हाती येईपर्यंत आवाहन थांबवा. तुमचे नियतकालिक या नावांवरच उभे राहणार आहे.

परीक्षकाला कोरा कागद पाठवू नये. ‘लेख प्रकाशनयोग्य आहे का?’ असा एकच प्रश्न विचारला तर ‘चांगला प्रयत्न’ असे दोन शब्द परत येतात, आणि लेखकाला त्यांतून काहीच मिळत नाही. लेखाचा मुख्य दावा परीक्षकाने स्वतःच्या शब्दांत दोन वाक्यांत लिहावा, त्या दाव्यावरचा सर्वांत बळकट आक्षेप सांगावा, लेखकाने तो विचारात घेतला आहे का ते सांगावे, आणि लेखातला कोणता भाग वगळला तर काही बिघडणार नाही तेही सांगावे. यांतील पहिली सूचना सर्वांत उपयोगी पडते, कारण दावा दोन वाक्यांत सांगता आला नाही तर बहुधा तो लेखातच नसतो. मुदतीबद्दलही स्पष्ट असा: हद्दीबाहेरचा लेख पंधरा दिवसांत परत, परीक्षणाला गेलेल्या लेखाचा निर्णय तीन महिन्यांत. तत्त्वज्ञानात सहा-सहा महिने उत्तराची वाट पाहणारे लेखक सगळीकडे आहेत. तुम्ही तीन महिने पाळलेत, तर तेवढ्यानेच लोक तुमच्याकडे वळतील.

मालकीचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, तरी तो आजच मिटवा. ‘फिलॉसॉफी अँड पब्लिक अफेअर्स’ हे १९७१ पासूनचे आणि या क्षेत्रातले अतिशय मानाचे नियतकालिक. २०२४ मध्ये त्याच्या संपूर्ण संपादक मंडळाने वायली या प्रकाशकाशी असलेल्या मतभेदांतून एकत्र राजीनामे दिले, आणि ओपन लायब्ररी ऑफ ह्युमॅनिटीज या खुल्या प्रकाशन संस्थेच्या साहाय्याने ‘फ्री अँड ईक्वल’ हे खुले नियतकालिक सुरू करण्याचे जाहीर केले. माणसे गेली, नाव मागे राहिले. तुमच्या नियतकालिकाचे नाव, संकेतस्थळाचा पत्ता आणि जुने अंक कोणाच्या मालकीचे राहतील, हे एका साध्या नोंदणीकृत न्यासाच्या किंवा संस्थेच्या कागदावर लिहून ठेवा. एखाद्या महाविद्यालयाने आश्रय दिला तर तो जरूर घ्यावा, पण प्राचार्य बदलले की नियतकालिक बंद पडेल, अशी व्यवस्था नको. लेखाचा स्वामित्वहक्क लेखकाकडेच ठेवा आणि लेख इतरांना ठरलेल्या अटींवर वापरू देणारा क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना वापरा.

तांत्रिक बाबींचे थोडक्यात सांगते. आयएसएसएन हा नियतकालिकाचा आठ अंकी ओळखक्रमांक आहे, गुणवत्तेचे प्रमाणपत्र नाही. भारतात तो नवी दिल्लीच्या राष्ट्रीय विज्ञान ग्रंथालयातील केंद्राकडून विनामूल्य मिळतो, त्यामुळे त्यासाठी पैसे मागणाऱ्या मध्यस्थाच्या वाटेला जाऊ नका. छापील आणि ऑनलाइन आवृत्तीला वेगवेगळे क्रमांक लागतात. २०२३ च्या नियतकालिक नोंदणी कायद्यातील ‘नियतकालिक’ या व्याख्येतून वैज्ञानिक, तांत्रिक आणि शैक्षणिक स्वरूपाची जर्नल्स वगळलेली आहेत, हेही वाचून ठेवा. लेख स्वीकारण्यापासून अंक मांडण्यापर्यंतचे काम ओपन जर्नल सिस्टम्स या मुक्त प्रणालीवर होते. तिला परवाना शुल्क नाही, मात्र सर्व्हरचा खर्च आणि तो सांभाळणारा माणूस लागतो. डीओएजे या खुल्या नियतकालिकांच्या आंतरराष्ट्रीय सूचीसाठी घाई करू नका: वर्षाला किमान पाच संशोधनलेख, आणि नव्या नियतकालिकाला एक वर्षाहून अधिक प्रकाशन किंवा किमान दहा लेख, अशी त्यांची अट आहे. सगळा मजकूर पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच घ्या. जुन्या फाँटांत जुळवलेले कितीतरी मोलाचे मराठी लेखन पीडीएफमध्ये असूनही शोधल्यावर सापडत नाही. संस्कृत अवतरणे आणि रोमन लिप्यंतर एकाच पानावर येणार असेल, तर आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’ हा मोफत फाँट उत्तम काम देतो. प्रत्येक लेखाला इंग्रजी सारांश जोडा, म्हणजे मराठी न येणाऱ्यालाही या लेखात काय आहे ते कळेल.

‘केअर यादीत कधी येणार?’ हा प्रश्न तुम्हाला पहिल्या आठवड्यात ऐकू येईल. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या फेब्रुवारीत मान्य नियतकालिकांची ती यादी बंद केली आणि नियतकालिक कसे निवडावे याचे सूचक निकष दिले. शिवाय २०२२ च्या नियमांत पीएच.डी.साठी लेख प्रसिद्ध करण्याची देशपातळीवरची सक्तीही राहिलेली नाही. या दोन्ही गोष्टी मला तुमच्यासाठी चांगल्या वाटतात. केवळ यादीसाठी येणारे लेख कमी होतील, आणि जे येतील त्यांच्या लेखकांना तुमच्याकडून वाचन हवे असेल. लेखकाकडून एक रुपयाही घेतला जाणार नाही, हे आवाहनात ठळक लिहा. पैसे घेऊन आठवडाभरात लेख छापणाऱ्यांनी हा व्यवहार इतका नासवला आहे की न सांगता कोणी विश्वास ठेवणार नाही.

आवाहनाचा मुख्य परिच्छेद मी असा लिहीन: ‘मूल्याचे स्वरूप, मूल्यांतील परस्परसंबंध आणि मूल्यांची तुलना या प्रश्नांवर एखादा दावा मांडून त्याचे समर्थन करणारे, पूर्वी कोठेही प्रसिद्ध न झालेले मराठी लेख आम्ही मागवत आहोत. लेख साधारण चार ते आठ हजार शब्दांचा असावा. लेखकाची ओळख उघड होईल असा मजकूर त्यात नसावा. प्रत्येक लेखाचे दोन परीक्षक परीक्षण करतील आणि लेख नाकारला गेला तरी त्यांचे अभिप्राय लेखकाला पाठवले जातील. निर्णय तीन महिन्यांत कळवला जाईल. कोणत्याही टप्प्यावर शुल्क नाही.’ यानंतर वरचे प्रश्न द्यावेत, आणि लेखनात कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेतली असल्यास ती कुठे व किती घेतली हे सांगण्याची अट घालावी.

नुसते आवाहन काढून पहिला अंक भरत नाही, हेही लक्षात घ्या. ज्यांचे लेखन तुम्हाला आवडते अशा आठ-दहा जणांना स्वतंत्र पत्रे लिहा, आणि त्यांचाच कोणता विचार पुढे न्यावा असे तुम्हाला वाटते ते प्रत्येकाला नेमके सांगा. बोलावून आलेल्या लेखांचेही परीक्षण होईल, हे त्याच पत्रात लिहावे, नाहीतर नंतर अवघड जाते. १९१६ मध्ये प्रताप शेठ यांच्या आश्रयाने अमळनेरला तत्त्वज्ञानाची संस्था उभी राहिली, पुढे वाईच्या ‘नवभारत’ने आणि पुणे विद्यापीठाच्या ‘परामर्श’ने मराठीत तत्त्वचर्चेला जागा दिली. तिथे लिहिलेल्या आणि आज निवृत्त असलेल्या अभ्यासकांनाही ही पत्रे जावीत. त्यांतले काही जण नवा लेख लिहिणार नाहीत, पण एखाद्या तरुण लेखकाच्या हस्तलिखितावर चार पाने टिपणे मात्र नक्की लिहून देतील.

परीक्षकांची यादी तयार झाली की सुधारलेला मसुदा इथे टाका, मी ओळ न् ओळ पाहीन. देवराईवर खरोखरच कोणी लेख पाठवला, तर त्याच्या परीक्षणासाठी माझे नाव आजच लिहून ठेवायला हरकत नाही.