कमरेला बांधायचं डायलिसिस यंत्र विकत मिळतं का?

नाही, गाडी अजून चाचण्यांवरच अडलीय. हे यंत्र बनवणारे डॉ. व्हिक्टर गुरा यांचा सुमारे ५ किलोचा पट्टा अमेरिकेतल्या सिएटलमध्ये ७ रुग्णांवर वापरला. २०१६ साली छापून आलेल्या अहवालानुसार रक्त शुद्ध झालं, पण द्रावात (रक्तातली घाण ओढून घेणारं पाणी) कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे झाल्याने वगैरे चाचणी मध्येच थांबवावी लागली. खरी मेख इथेच आहे: दवाखान्यात एका वेळी शंभरावर लिटर द्राव लागतो, पट्ट्यात अर्धा लिटरसुद्धा नसतो, तोच गाळून फिरवायचा. युरिएज हे विकर (एन्झाइम) रक्तातून आलेला युरिया हा टाकाऊ पदार्थ फोडतं, त्यातून निघालेला अमोनिया झिर्कोनियम फॉस्फेट या रसायनात अडकतो, कार्बन डायऑक्साइड वायू मात्र उरतो. अर्थात ही नुसती गाळणी; जिवंत पेशींचं ‘बायोआर्टिफिशियल’ मूत्रपिंड वेगळं. अमेरिकेतले संशोधक शुवो रॉय यांचा गट ते पोटात बसवण्यासाठी बनवतोय आणि त्यातला पेशींचा भाग डुकरांमध्ये तपासून झालाय.