ट्रकवरची पहिली नोकरी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: अवजड वाहनाचा परवाना नुकताच मिळाला आहे. एक मालक किलोमीटरमागे चांगला दर देतो म्हणतो, दुसरा महिन्याचा ठरलेला पगार देतो, पण तो कमी वाटतो. कुठे जावं?

उत्तर: दर ऐकून हुरळू नका. गाडी उभी असताना काय मिळतं, ते आधी विचारा. किलोमीटरवर पगार म्हणजे चाक फिरलं तरच पैसा. ४०० किलोमीटरची खेप घ्या. आठ तास गाडी चालवली, म्हणजे तासाला ५० किलोमीटरचे पैसे. आता त्यात माल भरायला दोन तास, उतरवायला तीन आणि गाडीची तपासणी व कागदपत्रं यांचा एक तास मिळवा. १४ तास झाले. खेपेचे पैसे तेवढेच, पण तासाला पदरात पडले जेमतेम साडेअठ्ठावीस किलोमीटरचे. ‘कमी’ वाटणारा पगार आता या आकड्याशी ताडून बघा.

म्हणून चार गोष्टी लेखी घ्या. खोळंब्याचे पैसे कितव्या तासापासून सुरू होतात आणि गिऱ्हाइकाने ते दिले नाहीत तरी तुम्हाला मिळतात का? रिकाम्या फेरीचा दर काय? अंतर गाडीच्या मीटरवर मोजतात की नकाशावर? नकाशावर मोजत असतील तर वळशाचे किलोमीटर तुमच्या खिशातून जातात. आणि गाडी दुरुस्तीला लागली तर त्या दिवसांचं काय? आठवड्याला सरासरी किती किलोमीटर मिळतात, हे मात्र कचेरीत विचारू नका. सहा महिन्यांपूर्वी लागलेल्या ड्रायव्हरला गाठा. जुन्या माणसाचा आकडा तुमच्या कामाचा नाही, कारण बऱ्या खेपा आधी त्याच्याकडे जातात.

प्रश्न: प्रशिक्षण फुकट देतात, पण वर्षभर नोकरी सोडणार नाही असं लिहून घेतात. सही करावी का?

उत्तर: असा करार मुळातच वाईट असतो असं नाही. नवख्या ड्रायव्हरचा विमा महाग पडतो, शिकवण्यात माणूस अडकतो, तेव्हा मालकही हमी मागणारच. अट नीट वाचा. सहाव्या महिन्यात सोडलं तर पूर्ण रक्कम भरायची की उरलेल्या महिन्यांपुरती? त्यांनीच काढून टाकलं तर? मूळ परवाना किंवा प्रमाणपत्रं ठेवून घेत असतील, तर पुढचं काही न विचारता उठून या.

शिकवणारा किती आठवडे बरोबर असेल आणि तो शेजारी जागा बसतो की मागच्या बर्थवर झोपतो, हेही विचारा. दुसऱ्या प्रकाराला प्रशिक्षण म्हणत नाहीत, दोघांच्या वेळेत एक गाडी पळवणं म्हणतात. नवखा माणूस ठोकतो तो बहुतेकदा आवारात, गाडी मागे घेताना. ट्रेलरचं शेपूट उजवीकडे न्यायचं तर स्टिअरिंग आधी डावीकडे वळवावं लागतं. ते उशिरा सावरलं की ट्रेलर आणि कॅबिनची कात्री होते. हा हात बसायला रिकाम्या आवारात तासन् तास मिळायला हवेत. शंका आली की थांबायचं, उतरून मागे बघायचं. उतरण्यावरून कुरकुर करणाऱ्या ठिकाणी ठोक्याची भरपाई पगारातून कापतात का, हेही विचारून घ्या.

प्रश्न: मुलाखतीला गेल्यावर तिथल्या गाड्यांत काय बघावं?

उत्तर: आवारात उभी असलेली कुठलीही एक गाडी दाखवा म्हणावं. मागच्या जोडचाकांपैकी आतल्या टायरपासून सुरुवात करा. त्यातली हवा गेली तरी बाहेरचा टायर भार उचलतो, त्यामुळे लांबून सगळं ठीक दिसतं. मग त्या एकट्यावर दोघांचा भार पडतो, तो तापतो आणि फुटतो. लाथ मारून हे कळत नाही, गेज लावावा लागतो. आवारात आतल्या व्हॉल्व्हपर्यंत पोचणारा गेज आहे का, एवढ्यावरूनही बरंच कळतं. चाकाच्या नटापासून बाहेर गंजाचे ओघळ दिसले, तर तो नट ढिला असण्याची शक्यता धरा.

एअर ब्रेकची चाचणी तिथल्या ड्रायव्हरला करून दाखवायला सांगा. सपाट जागा, चाकांना ठोकळे, हवा पूर्ण भरलेली, इंजिन बंद, पार्किंग ब्रेक सोडलेला. पेडल दाबून धरायचं, काट्याची पहिली घसरण थांबली की पुढचं एक मिनिट हवेच्या दाबाच्या त्या काट्याकडे बघत राहायचं. अमेरिकेतल्या परवाना चाचणीत एकट्या ट्रकला ३ आणि ट्रेलर जोडलेल्याला ४ पीएसआयपेक्षा (पीएसआय हे दाबाचं माप) जास्त घट चालत नाही. त्याहून वेगाने काटा उतरला तर कुठेतरी गळती आहे.

शेवटी बिघाडाची वही मागा. एकच तक्रार तीनदा लिहिलेली आणि दुरुस्तीची सही नाही, हे वाईट. वही कोरी करकरीत असेल तर त्याहून वाईट, कारण काहीच बिघडत नाही अशी गाडी नसते.

प्रश्न: हप्ते फेडत गाडीचे मालक व्हा, असं एक जण सांगतो.

उत्तर: पहिल्या वर्षी नको. हप्ता ठरलेला, टायर-इंजिनचा खर्च तुमचा, आणि खेपा देणं-न देणं त्याच्या हातात. मधेच सोडलं तर गाडी त्याची आणि भरलेले हप्तेही बहुधा त्याचेच.

प्रश्न: झोप येत असताना ‘चल, पोच’ म्हणून फोन आला तर?

उत्तर: गाडी थांबवायचीच. युरोपीय संघात साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटं विश्रांती सक्तीची आहे. अमेरिकेत मालवाहू ट्रकसाठी कामावर आल्यापासून १४ तासांच्या आत जास्तीत जास्त ११ तास चालवता येतं, आणि माल भरताना गेलेला वेळही सहसा त्या १४ तासांतूनच वजा होतो. तुमच्याकडचा नियम कामावर रुजू होण्याआधी पाठ करा. फोनवर वाद घालू नका, संदेश पाठवा: कुठे थांबलो, का थांबलो, किती वाजता निघणार, माल किती वाजता पोचेल. मुलाखतीतच विचारा, असा संदेश आला तर तुम्ही काय करता? उत्तर देण्याआधी समोरचा हसला, तर दुसरीकडे अर्ज करा.