टिश्यू कल्चरची झाडं कपातून काढून थेट माशांच्या टँकमध्ये लावायची, की आधी काही तयारी लागते?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: ही झाडं, म्हणजे प्रयोगशाळेत बंद कपात जेलीवर वाढवलेली टँकची झाडं, लावण्याआधी काय करायचं, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात ती टिकतात का. मी नागपूरचाच. माझे पहिले दोन कप पूर्ण वाया गेले होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे टिश्यू कल्चर म्हटलं की जळगावची केळी आठवते. पण प्रयोगशाळेतल्या बाटलीतून निघालेलं केळीचं रोप कुणी थेट शेतात लावत नाही. आधी हरितगृह, मग शेडनेट, असं करत त्याला बाहेरच्या हवेची सवय लावतात. नर्सरीवाले याला हार्डनिंग म्हणतात. शेतकऱ्याला मिळतं ते हार्डनिंग झालेलं रोप. टँकच्या झाडांचा कप मात्र या पायरीच्या आधीच आपल्या हातात येतो.

कपाच्या आत हवेत जवळजवळ १०० टक्के ओलावा असतो आणि मुळांशी साखर घातलेली जेली. तिथे वाढलेल्या पानांवर मेणाचा थर पातळ असतो आणि त्यांची पर्णरंध्रं नीट मिटत नाहीत. म्हणजे झाकण उघडलं की पानातलं पाणी धरून ठेवणारं काहीच नसतं. मला हे माहीत नव्हतं. माझा पहिला कप मॉन्टे कार्लोचा होता, म्हणजे टँकच्या तळाशी गालिच्यासारखं पसरणारं बारीक पानांचं झाड. मे महिन्यात, कूलरसमोर बसून, वर्तमानपत्रावर झाडं पसरून मी निवांत वेगळी करत होतो. दहा मिनिटांत पानं मलूल झाली आणि पुन्हा उठलीच नाहीत. तेव्हापासून मी पंखा आणि कूलर बंद करूनच कप उघडतो आणि हातातलं झाड सोडून बाकी सगळी पाण्यात बुडालेली ठेवतो.

पाणीही आधी काढून ठेवा. नळाचं पाणी आदल्या रात्री उघड्या बादलीत भरून घरात ठेवलं की त्यातलं मोकळं क्लोरीन उडून जातं. भर उन्हाळ्यात दुपारी छतावरच्या टाकीचं पाणी थेट वापरू नका, ते हाताला चटका देतं. एवढीशी पानं त्यात उकडूनच निघतील.

आता धुणं. सगळ्यात जास्त वेळ मी यालाच देतो. कप तळहातावर उलटा करा, अख्खा गोळा बाहेर येतो. खालची जाड जेली बोटांनी तोडून टाका. मग तो गोळा पाण्याच्या गंजात (पातेल्यात) बुडवून हळूहळू हलवा. पाणी तीन-चार वेळा बदला. शेवटचं धुणं चहाच्या मोठ्या गाळणीत घ्या, म्हणजे तुटलेले तुकडे वाहून जात नाहीत. त्या तुकड्यांतूनही नवी झाडं होतात. जेली पारदर्शक असल्याने पाण्यात दिसत नाही, म्हणून बोटांना बुळबुळीत लागणं थांबेपर्यंत धुवायचं. दुसऱ्या कपाच्या वेळी मी इथेच घाई केली. चार दिवसांत मुळांभोवती पांढरा कापसासारखा थर आला आणि पाणी दुधाळ झालं. जेलीतल्या साखरेवर जिवाणू आणि बुरशी तुटून पडतात. बारीक मुळांत जेली अडकून बसली असेल तर कात्रीने मुळांचा खालचा अर्धा भाग जेलीसकट कापून टाका. कपातली मुळं तशीही बरीचशी निकामी होतात आणि मातीत नवी फुटतात.

तुरटीत किंवा पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यात मात्र ही झाडं बुडवू नका. दुकानातल्या पाण्यातून आणलेल्या झाडांवर गोगलगायीची अंडी आणि शेवाळ असतं, म्हणून ती तशी धुतात. बंद कपात यातलं काहीच नसतं. जास्तीचे पैसे आपण त्यासाठीच तर देतो, मग नाजूक पानं कशाला भाजायची?

लावताना मॉन्टे कार्लोचे किंवा हेअरग्रास या गवतासारख्या झाडाचे छोटे छोटे पुंजके करा. एका कपातून पंधरा-वीस सहज निघतात. टँकमधलं पाणी मातीच्या जेमतेम वर ठेवा आणि लांब चिमट्याने तिरका दाब देत दोन-तीन सेंटिमीटरवर एकेक खोचा. नुसते शेंडे वर दिसले तरी पुरे. मोठा गोळा तसाच लावला तर मधला भाग सडतो. अनुबियास आणि ब्युसेफॅलँड्रा मातीत लावायचेच नाहीत. त्यांचं आडवं खोड गाडलं की कुजतं. दगडाला दोऱ्याने बांधा किंवा फेविक्विकचा थेंब लावून चिकटवा.

पुढचे तीन आठवडे धीर लागतो. हवेत वाढलेली पानं पाण्याखाली फार दिवस टिकत नाहीत, कारण पाण्यात कार्बन डायऑक्साइड हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. झाड ती पानं टाकून पाण्यासाठी वेगळी, पातळ पानं काढतं. क्रिप्टोकोरायनी (थोडक्यात क्रिप्ट) तर कधी कधी पूर्ण विरघळल्यासारखी होते. उपटू नका, मुळं जिवंत असतात. (तिच्या काही जाती आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांत रानात वाढतात, याचं मला फार अप्रूप वाटतं.) कुजकी पानं रोज काढा, दिवा सहाच तास लावा आणि पहिल्या आठवड्यात दर दिवसाआड निम्म्याच्या आसपास पाणी बदला. अ‍ॅक्वासॉईल (टँकच्या झाडांसाठी मिळणारी पोषक माती) नवं असेल तर ते अमोनिया सोडतं, म्हणून मासे महिन्याभराने, पाणी तपासूनच.

उन्हाळ्याचं सांगायचं तर मागवायला ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, कुरियरच्या बंद गाडीत कप शिजून येतो आणि पानं तपकिरी, पाणचट दिसतात. त्याला मग धुण्याने काही होत नाही. घरी आलेला कप उजेडात ठेवा, पण खिडकीतल्या उन्हात नको. टँकमधल्या झाडांना २२ ते २६ अंश मानवतं, तिशीच्या वर शेवाळ जोर धरतं. एप्रिल-मेमध्ये पाण्यावर छोटा पंखा सोडला की तापमान तीन-एक अंशांनी उतरतं, कारण आपली हवा कोरडी आहे. पावसाळ्यात हाच पंखा फारसा कामाचा नाही. उडालेल्या पाण्याची भर आरओच्या पाण्याने घाला. बोअरचं घालत राहिलात तर टँकमधले क्षार वाढत जातात. क्यूबा नावाची बारीक पानांची जात मात्र पहिल्या उन्हाळ्यात घेऊच नका. क्रिप्ट आणि अनुबियासने सुरुवात करा.

आणखी एक, सगळा कप एकदम लावू नका. चार-पाच पुंजके नीट धुऊन, पारदर्शक डब्यात ओल्या मातीवर ठेवा, झाकण लावा आणि डबा उत्तरेच्या खिडकीत ठेवून द्या. रोज मिनिटभर झाकण उघडून हवा द्या, माती सुकायला लागली तर पाणी फवारा आणि आठवड्यागणिक झाकण थोडं जास्त वेळ उघडं ठेवत जा. टँकमध्ये काही बिघडलं तर पुन्हा लावायला माझ्याकडे झाडं असतात ती या डब्यातलीच.