आपले प्रश्न, आमची उत्तरे : २३ जुलै

प्रश्न : २३ जुलै हा लोकमान्य टिळकांचा जन्मदिवस. या तारखेशी आणखी कोणत्या घटना निगडित आहेत? (एक वाचक, गुहागर)

उत्तर : टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला; त्यांचे मूळ गाव मात्र दापोली तालुक्यातील चिखलगाव. आमच्या मते १९०८ सालची २३ जुलै अधिक लक्षात ठेवण्याजोगी आहे. ‘केसरी’तील लेखांवरून चाललेल्या राजद्रोहाच्या खटल्यात ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी टिळकांना दोषी ठरवले आणि न्यायमूर्ती दावर यांनी २२ जुलैच्या रात्री त्यांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली, म्हणजे बावन्न वर्षे पूर्ण होण्याचा दिवस त्यांना कैदी म्हणून पाहावा लागला. याच दावर यांनी १८९७ च्या खटल्यात वकील या नात्याने टिळकांच्या जामिनासाठी युक्तिवाद केला होता, हे विशेष. शिक्षेच्या निषेधार्थ मुंबईच्या गिरणी कामगारांनी, ज्यांत पोटापाण्यासाठी रत्नागिरी जिल्ह्यातून गेलेले हजारो कोकणी लोक होते, सहा वर्षांच्या शिक्षेसाठी सहा दिवसांचा संप केला. कोकणच्या इतिहासात या संपाला मानाचे पान मिळायलाच हवे.

क्रांतिकारक चंद्रशेखर आझाद यांचा जन्मही याच तारखेचा, १९०६ सालचा, मध्य प्रदेशातील भावरा येथील. शिवाय २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई रेडिओ केंद्राचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले.