अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर निघालेल्या ब्रिटिश शोधप्रवासी शॅकल्टनच्या ‘एंड्युरन्स’ जहाजावरचा जीवशास्त्रज्ञ दिवसभर करायचा तरी काय?

जाळं टाकायचं, बरण्या भरायच्या आणि बाकीच्यांबरोबर फरशीही घासायची. हा जीवशास्त्रज्ञ, रॉबर्ट क्लार्क, बर्फाच्या भेगांतून समुद्रात जाळं सोडायचा, वर आलेले बारीक जीव फॉर्मलिनमध्ये (नमुने टिकवणाऱ्या द्रवात) ठेवायचा, पेंग्विन सोलायचा. रात्रपाळीचा पहारा शास्त्रज्ञांनाही चुकत नसे. मोहिमेतल्यांच्या आठवणींत एक किस्सा येतो: सोबत्यांनी त्याच्या बरणीत उकडलेली स्पॅगेटी टाकली आणि नवाच जीव सापडला म्हणून हा गंभीर गडी हरखला! १९१५ मध्ये जहाज बर्फात चिरडून बुडालं, त्यात त्याचे नमुनेही गेले. अर्थात अंटार्क्टिकात गेलेल्या सगळ्याच जीवशास्त्रज्ञांचं असं झालं नाही. आधीच्या ‘डिस्कव्हरी’ मोहिमेतल्या (१९०१-०४) जीवशास्त्रज्ञ हॉजसनचे नमुने इंग्लंडला सुखरूप पोचले.