तारीख कोणी मागितली?

प्रिय वकीलसाहेब,

(सनद मिळाली, आता हीच हाक.)

खटला रेंगाळला म्हणून हायकोर्टात जाऊन तो रद्दच करून घ्यायचा, असं तुझ्या मनात आहे. त्याआधी रोजनामा (कोर्टाची तारीखवार नोंद) घेऊन बस. प्रत्येक तारीख का पडली ते वहीत उतरव. साक्षीदार आला नाही, आरोपीला तुरुंगातून आणलंच नाही, न्यायाधीशांची बदली झाली आणि हो, आपणच दिलेले मुदतीचे अर्ज. ते लिहिताना हात आखडू नकोस. सरकारी वकील नेमके तेच वाचून दाखवतात.

हुसैनारा खातून प्रकरणात १९७९ साली सुप्रीम कोर्टाने जलद खटला हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ (जीवित व स्वातंत्र्य) मधलाच हक्क मानला. बिहारच्या तुरुंगांत काही कच्चे कैदी कमाल शिक्षेहूनही जास्त काळ पडून होते. पण आपल्या माजी मुख्यमंत्र्यांच्या, अंतुल्यांच्या प्रकरणात (१९९१) कोर्टाने ठरावीक मुदत घालायला नकार दिला आणि २००२ मध्ये ७ न्यायमूर्तींनी तेच कायम केलं. उशीर किती, याच्याइतकंच तो कोणामुळे, हेही बघतात.

युक्तिवाद संपून निकाल राखून ठेवला असेल, तर मात्र उशिराचं खापर आरोपीवर फोडता येत नाही. मला हीच दिरंगाई सर्वांत वाईट वाटते. पाटणा हायकोर्टाने असाच एक निकाल जवळपास २ वर्षांनी दिला, तेव्हा अनिल राय प्रकरणात (२००१) सुप्रीम कोर्टाने सांगितलं: हायकोर्टात ३ महिने उलटले तर लवकर निकालासाठी अर्ज करा, ६ महिने उलटले तर प्रकरण दुसऱ्या खंडपीठाकडे द्यावं, अशी मुख्य न्यायमूर्तींना विनंती करा. सत्र खटल्यांना भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी कामकाजाचा कायदा) कलम २५८ लागू: युक्तिवाद संपल्यापासून ३० दिवसांत निकाल, लेखी कारणं देऊन ४५. पाळलं नाही तर पुढे काय, यावर कलम गप्प आहे. न्यायाधीश दुखावतील म्हणून असा अर्ज द्यायला भले भले कचरतात. तू सौम्य भाषेत दे, पण दे.

आणि जामिनाचं विसरू नकोस. त्याच संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे पूर्वी शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ तुरुंगात काढल्यावर जामीन, इतरांना निम्म्यानंतर. फाशी-जन्मठेपेचा गुन्हा किंवा आणखी खटले प्रलंबित असतील तर हा दरवाजा बंद. मुदत भरली की कोर्टाला लेखी कळवणं तुरुंग अधीक्षकांचं काम आहे. त्यांना आजच पत्र टाक, पोच घे.

तुझा,
काका