एक हात मोकळा ठेव

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं, सोबतची सामानाची यादीही वाचली. बाळ सात महिन्यांचं, बायको कामासाठी आधीच पुढे गेलेली, आणि तू एकटा त्याला घेऊन विमानाने, मग पुढे मोटारीने तिच्यापर्यंत पोचणार. यादीत बाटल्या निर्जंतुक करायचं यंत्र आहे, घडीचा टब आहे, खेळण्यांची वेगळी पिशवी आहे. हे सगळं ज्याला उचलायचं आहे त्याला हात किती, याचा मात्र यादीत कुठे पत्ता नाही.

तुला जमेल की नाही, यावर मी काही लिहिणार नाही. तू तिकिटं बघायला लागलास त्यातच ते आलं.

चालणाऱ्या मुलाला बोट धरून नेता येतं. न चालणारं मूल म्हणजे घर सोडल्यापासून पोचेपर्यंत एक हात गेला. उरला एक. तो रिकामा ठेवायचा. कागद दाखवायला, दार ढकलायला, जिन्याचा कठडा धरायला, बाळाने तोंडात घातलेलं काहीबाही काढायला, पाय घसरला तर सावरायला. माझं म्हणणं एवढंच आहे. तुला वीट येईल इतक्या वेळा मी ते म्हणणार आहे, तेव्हा तयारीत राहा.

‘चालायला लागेपर्यंत थांबू का?’ असं तू विचारलं आहेस. नको. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 साली मुलांच्या हालचालींच्या टप्प्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात आधाराशिवाय चालण्याचा काळ 8.2 ते 17.6 महिने असा निघाला. म्हणजे महिना-दीड महिन्यातही चालेल किंवा आणखी दहा महिने लावेल, आणि दोन्ही नॉर्मलच. तेवढा वेळ तू काय करणार? शिवाय चालू लागलेलं मूल प्रवासाला सोपं असतं हे तुला कोणी सांगितलं? ते मांडीवर टिकत नाही, रांगेत थांबत नाही, हात सोडवून पळतं. सात महिन्यांचं बाळ मान धरतं, बहुतेक वेळा बसतंही, आणि जिथे ठेवलं तिथून फार लांब जात नाही. यापेक्षा सोयीचा सहप्रवासी तुला पुढची काही वर्षं मिळणार नाही. आमच्या थोरल्याच्या वेळी ‘चालू दे, मग जा’ असं घरादाराने सांगितलं आणि आम्ही बसून राहिलो. माझ्या आईला तो पहिल्यांदा दिसला तेव्हा तो कोणाच्याही मांडीवर बसायला तयार नव्हता. त्याची चुटपुट मला अजून आहे, म्हणून या प्रश्नावर मी जरा तुसडेपणाने बोलतो.

आता बाबागाडीबद्दल. न्यायची तर एका हाताने मिटणारी ने. दुकानातला माणूस मिटवून दाखवतो ते दोन्ही हातांनी, आणि त्याच्या कडेवर कोणी नसतं. तू घरी करून बघ: बाळ डाव्या कडेवर, उजव्या हाताने गाडी मीट आणि उचल. जमलं नाही तर ती घरीच राहू दे. विमानतळावर तपासणीच्या यंत्रातून गाडी मिटवूनच जाते आणि बाळाला बाहेर घ्यावं लागतं. मागे रांग खोळंबलेली असताना तिचा खटका शोधत बसू नकोस.

मला विचारशील तर छातीशी बांधायचा बेबी कॅरिअर घे. तेवढ्याने दोन्ही हात सुटतात. पण तो नीट बांधायला शीक. बाळ अंगाशी घट्ट हवं, त्याचा चेहरा तुला खाली बघताच दिसला पाहिजे, मान वाकवली की कपाळाचा पापा घेता आला पाहिजे. हनुवटी छातीत रुतलेली नको, मध्ये दोन बोटं मावतील इतकी जागा हवी, कारण हनुवटी दबली की श्वासाची वाट दबते. गुडघे ढुंगणापेक्षा वर आणि मांड्या फाकलेल्या, म्हणजे खुब्यांवर ताण येत नाही. कॅरिअरमध्ये बाळ असताना गरम चहा-कॉफीला हात लावायचा नाही. हात मोकळा झाला तो यासाठी नाही.

आणि उड्डाणाच्या व उतरण्याच्या वेळी बऱ्याच विमान कंपन्या कॅरिअर सोडायला लावतात, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नकोस. त्याबद्दल खाली लिहितो, ते तुला आवडणार नाही.

बॅग पाठीवरचीच. खांद्यावरची पिशवी वाकलं की घसरून पुढे येते आणि बाळाच्या तोंडावर आदळते. आत सामान रचायची माझी पद्धत अशी: एका वेळच्या बदलाची एक पुडी. एक डायपर, थोडे वाइप्स, एक घाण टाकायची पिशवी, अंगावरचा एक कपडा. अशा पुड्या घरूनच बांधायच्या. विमानातल्या संडासात बॅग न्यायचीच नाही, पुडी न्यायची. तिथे फळी असली तर भिंतीतून खाली येते, आणि ती फळी इतकी अरुंद की एक हात सतत बाळावर ठेवावा लागतो. म्हणजे पुन्हा एकच हात! पुडीची गाठ त्या एका हाताने सुटते का, तेही घरी बघ. स्वतःसाठी एक जादा शर्ट ठेव. सगळे बाळाचे कपडे नेतात आणि स्वतः ओकारीच्या वासात बसतात.

आमची धाकटी तुझ्या बाळाएवढी असताना मी एकटाच तिला घेऊन रेल्वेने निघालो होतो. कडेवर ती, हातात बॅग, कोपराला लटकलेली एक पिशवी. गाडी लागली, लोक चढायला लागले, आणि मी दारापाशी पोचलो तेव्हा दांडी धरायला हात नव्हता. बॅग आत फेकून चढता आलं असतं. चढत होतेच लोक तसे. मी मागे सरलो आणि गाडी जाऊ दिली. पुढची गाडी मध्यरात्री होती. ही गोष्ट आमच्या घरात अजून हसत हसत सांगितली जाते: आरक्षण हातात, गाडी समोर, आणि हे महाशय फलाटावर. हसू देत. त्या रात्री मी ती जादा पिशवी फलाटावरच एकाला देऊन टाकली आणि पुढच्या गाडीत दांडी धरून चढलो. कोणी कितीही वेळा विचारलं तरी मी हेच सांगणार की ती गाडी सोडली ते बरोबर केलं. यात हट्टीपणा असेल तर असो.

कोणी मदत देऊ केली तर बॅग द्यायची. बाळ द्यायचं नाही. लोक उलटंच सुचवतात, ‘आणा इकडे, मी धरतो त्याला.’ ते मनापासूनच म्हणतात. पण साधारण या वयापासून मुलांना अनोळखी चेहऱ्याचं भय वाटू लागतं, आणि नंतर ते रडणं शांत करायला तुझे दोन्ही हात लागतात.

दुधाचं तू फार घाबरून लिहिलं आहेस, तेवढं अवघड ते नाही. बायकोने काढून ठेवलेलं दूध असेल तर बर्फाच्या पॅकसह उष्णतारोधक पेटीत ते 24 तास टिकतं. नुसत्या खोलीच्या तापमानाला, 25 अंशांपर्यंत, सुमारे चार तास. पावडरचं असेल तर एकेका बाटलीची मापून कोरडी पावडर वेगवेगळ्या डब्यांत ठेव आणि पाणी वेगळं. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून ती कालवताना पाणी 70 अंशांच्या खाली नको, आणि पाजण्याआधी ते पुरेसं निववायचं. कालवलेलं दूध दोन तासांत संपवायचं. बाळाने तोंड लावलेल्या बाटलीतलं उरलेलं तासाभराने ओतून टाकायचं, कितीही जीव तुटला तरी. तपासणीत बाळाच्या दुधाला सहसा 100 मिलीची मर्यादा लावत नाहीत, पण ते आधीच बाहेर काढून सांगावं लागतं. बाटल्यांचं ते यंत्र नेऊ नकोस. धुऊन निर्जंतुक केलेल्या बाटल्याच जास्त ने.

एक बाटली मात्र राखून ठेव. बहुतेक लोक विमान वर चढताना बाळाला पाजतात, बाळ पोटभर पिऊन झोपतं, सगळ्यांना बरं वाटतं. कान दुखतात ते उतरताना. विमानातली हवा साधारण सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ ठेवलेली असते. खाली येताना दाब वाढतो आणि कानाचा पडदा आत ओढला जातो. कान आणि घसा यांना जोडणारी नळी बाळात अरुंद आणि आडवी असते, ती सहसा गिळल्यावरच उघडते. आणि झोपेत माणूस कमी गिळतो. विमान टेकण्याच्या साधारण अर्धा तास आधीच उतरू लागतं. पाठीवरून पुढे झुकल्यासारखं वाटलं, इंजिनाचा आवाज बदलला, की बाळाला उठतं धर आणि बाटली दे. खिडकीत घरं दिसू लागेपर्यंत थांबलास तर उशीर झाला. त्या वेळी बाटली समोरच्या खिशात हवी, डोक्यावरच्या कप्प्यात नको. तुझा मोकळा हात तिथवर पोचणार नाही, पट्टा बांधलेला असेल.

झोपेचं औषध देऊ का, असं तुझ्या सासऱ्यांनी विचारायला सांगितलं आहे म्हणे. सर्दी-ॲलर्जीची गुंगीची औषधं बाळाला झोपवण्यासाठी द्यायची नसतात. काही मुलं त्यांनी उलट जास्त चेकाळतात, आणि बाळात श्वास मंदावण्याचा धोका खरा असतो. त्यांना माझं नाव सांग, वाईटपणा मी घेतो.

रडेल. रडू दे. शेजाऱ्यांना कानात घालायचे बोळे आणि माफीची चिठ्ठी वाटणारे आईबाप हल्ली दिसतात. तू तसलं काही करू नकोस. बाळाने तिकिटाच्या नियमांतलं काही मोडलेलं नाही. शेजारचा तोंड वाकडं करेल, त्याच्याकडे बघत बसायला तुला वेळ नसेल.

आता ते न आवडणारं. बाळासाठी वेगळं तिकीट घ्यायचं की मांडीवर न्यायचं? दोन वर्षांखालचं मूल मांडीवर चालतं, म्हणून तू तेच गृहीत धरलं आहेस. 19 जुलै 1989 रोजी अमेरिकेत सू सिटीला एक डीसी-10 विमान कोसळलं. त्यात मांडीवरची चार मुलं होती. जॅन ब्राउन या विमानातल्या मुख्य सेविकेने तेव्हाच्या नियमाप्रमाणे आईबापांना सांगितलं की मुलांना पायाशी जमिनीवर ठेवा आणि धरून ठेवा. त्या आदळण्यात कोणाचे हात पुरतात? त्यातलं एक मूल गेलं. पुढे वर्षानुवर्षं ब्राउन बाई लहान मुलांना वेगळी सीट आणि पट्टा सक्तीचा करा म्हणून झगडत राहिल्या. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने सक्ती केली नाही. त्यांचं म्हणणं असं की तिकीट घ्यायला लावलं तर कुटुंबं विमान सोडून मोटारीने जातील आणि रस्त्यावर जास्त मुलं दगावतील. हिशेब म्हणून तो चूक नाही. पण तो सगळ्या देशाचा हिशेब आहे, तुझा नाही. तू तर विमानानेच निघाला आहेस.

अपघात क्वचितच होतात, मान्य. विमानाला जोराचे हिसके बसतात ते इतके क्वचित नाहीत. आणि वर ऑक्सिजनचा मुखवटा खाली आला तर? 35 हजार फुटांवर दाब गेला तर माणसाला नीट भान असतं ते अर्धं ते एक मिनिट. आधी स्वतःला लाव, मग बाळाला, हे सगळे ऐकतात. दोन्ही हातांनी वळवळतं मूल आवळून बसलेला माणूस ते कुठल्या हाताने करणार, हे कोणी विचारत नाही. मांडीवरच नेलंस तर निदान दिलेल्या जागेवरूनच हलू नकोस. मांडीवरच्या बाळासाठी जादा मुखवटा लागतो आणि तो प्रत्येक रांगेत पुरेसा नसतो. भिंतीला लावायचा पाळणा मिळाला तर घे, पण पट्ट्याचा दिवा लागला की बाळाला त्यातून उचलावं लागतं. तो सोयीसाठी आहे, सुरक्षेसाठी नाही.

वेगळी सीट घेतलीस तर मोटारीची कारसीटच विमानात वापरता येते, मात्र ती विमानासाठी मान्य असल्याची खूण तिच्यावर हवी, आणि कंपनीला आधी विचारायला हवं. सहसा ती खिडकीशीच लावू देतात. मग बाळ पट्ट्यात, आणि तुझे दोन्ही हात तुझे.

तीच कारसीट खाली उतरल्यावर लागेल. तोंड मागच्या बाजूला करूनच लावायची. युरोपच्या आर-129 नियमात हे किमान 15 महिन्यांपर्यंत बंधनकारक आहे, आणि सीटच्या मापात बसतं तोवर पुढेही तसंच ठेवावं. बाळाचं डोकं शरीराच्या मानाने जड आणि मानेची हाडं कोवळी, त्यामुळे झटका मानेने नाही, सगळ्या पाठीने घ्यायला हवा. समोर चालू एअरबॅग असेल त्या जागी ही सीट कधीच लावायची नाही. जाड जाकीट घालून पट्टा बांधू नकोस, तो सैल राहतो. दर दोन तासांनी थांबून बाळाला बाहेर काढ, सपाट पाठीवर मोकळं होऊ दे. आणि ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणून बंद गाडीत ठेवायचं नाही. उन्हात गाडी दहा मिनिटांत दहा-अकरा अंशांनी तापू शकते.

यादी खोडून नवी करशीलच, ती मला दाखवायची गरज नाही. तिकिटाचं काय ठरवलंस ते मात्र कळव. मांडीवरच नेणार असशील तर कारणं लिहू नकोस. नुसतं कळव.